पहिलं पिस्तूल आणि ३१ अंशांची रेषा

वायूवर चालणारं पिस्तूल घ्यायला निघालेला नवखा माणूस तीन गोष्टी विचारतो: जोर किती, दिसायला कसं आणि पडणार केवढ्याला. आत कोणता वायू आहे आणि तो आपल्या गावच्या हवेत कसा वागतो, हे सहसा कुणी विचारत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या मुलाने किंवा मुलीने मात्र तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. बालाघाटाच्या पठारावरच्या या गावात डिसेंबरच्या पहाटे अंगावर काटा येतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीवर जातो. बाजारात मिळणारी अनेक गॅस पिस्तुलं ज्या देशांत आखली गेली, तिथे उन्हाळाही आपल्या माघासारखा असतो. तिथे गुण ठरणारी गोष्ट इथे दोष कशी ठरते, हे एकदा कळलं की निवडीचे बाकीचे प्रश्न आपोआप मार्गी लागतात.

आधी दोन जाती वेगळ्या करू, कारण दुकानात आणि जाहिरातीत त्यांची सर्रास सरमिसळ होते. एअरसॉफ्ट हा प्रकार १९७०च्या दशकात जपानमध्ये रुजला. तिथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणं जवळपास अशक्य, पण पिस्तुलांच्या हुबेहूब नकलांची हौस दांडगी. त्या हौसेतून ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोल गोळी मारणारी पिस्तुलं आली. या गोळीचं वजन साधारण ०.२ ग्रॅम. ती सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल भरते. जपानने २००६ साली कायद्याने जी मर्यादा घातली, ती याच्याही किंचित खाली, ०.९८ ज्यूलवर. दुसरी जात ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या १० मीटर एअर पिस्तुलाची. त्यात ४.५ मिलिमीटरचा, कमरेत बारीक असलेला शिशाचा छर्रा वापरतात. वजन अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, ऊर्जा पाच-सहा ज्यूल. पहिली जात खेळातल्या लुटुपुटीच्या लढाईसाठी, दुसरी कागदावरच्या वर्तुळासाठी. पहिलीची नळी गोळीपेक्षा मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते आणि गोळीला उलटी फिरकी देऊन ती हवेत तरंगत ठेवली जाते. त्यामुळे १० मीटरवर तिच्या गोळ्या काही सेंटिमीटरच्या घेरात विखुरतात. दुसरीची नळी आतून पीळदार असते आणि छर्रा तिच्यात घट्ट बसतो. चांगलं पिस्तूल शिकंज्यात धरून झाडलं तर पाच छर्रे कागदाला एकच भोक पाडतात.

दोन्ही जातींत गोळीला ढकलतो तो दाबाखालचा वायू. स्वस्त आणि देखण्या पिस्तुलांत तो बहुधा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू असतो, बोटाएवढ्या स्टीलच्या १२ ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये भरलेला. कार्ट्रिजमध्ये तो द्रवरूपात असतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. प्रत्येक झाडणीला थोडी वाफ खर्च होते, तेवढाच द्रव उकळतो आणि दाब पुन्हा पूर्वपदावर येतो. घरातल्या गॅस सिलिंडरची ज्योत पहिल्या दिवशी आणि विसाव्या दिवशी सारखीच राहते, त्यामागे हेच तत्त्व आहे. द्रवाचा शेवटचा थेंब आत आहे तोवर दाब किती, हे फक्त तापमान ठरवतं. सीओटूच्या बाबतीत हा दाब शून्य अंशाला सुमारे ३५ बार, १० अंशांना ४५, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२ बार असतो. जर्मनीतल्या बंद दालनात, बाराही महिने २० अंशांवर, यासारखं सोयीचं काही नाही.

येडशीत अडचण उभी राहते ती ३१ अंशांवर. त्या तापमानापलीकडे सीओटूत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. सगळा साठा एक दाट वायू होऊन बसतो, आणि दाब सांभाळणारी ती उकळीची युक्ती संपते. आता दाब ठरतो तो कार्ट्रिजमध्ये किती माल कोंबला आहे आणि तो किती तापला आहे, यावर. चाळीस अंशांत नवी कार्ट्रिज शंभर बारच्या आसपास सहज पोचते. मग प्रत्येक झाडणीला साठा घटतो आणि दाबही घटत जातो. पहिला छर्रा सगळ्यात जोरात, पुढचा त्याहून कमी, त्याच्या पुढचा आणखी कमी. काही पिस्तुलांत तर दाब इतका चढतो की आतल्या हातोडीला व्हॉल्व्ह उघडताच येत नाही. ट्रिगर ओढला की टक् आवाज होतो, बाहेर काहीच पडत नाही आणि नवख्याला वाटतं पिस्तूल बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, दुपारचे दोन वाजलेले असतात. कार्ट्रिजवर ५० अंशांच्या आतच ठेवण्याची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो, म्हणून तिथे कार्ट्रिज ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एअरसॉफ्टवाल्यांचा 'ग्रीन गॅस' या बाबतीत बरा. तो मुख्यतः प्रोपेन असतो, त्यात थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं. प्रोपेनची ती निर्णायक रेषा ९७ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्या कुठल्याच उन्हाळ्यात त्यातला द्रव नाहीसा होत नाही. पण २० अंशांना त्याचा दाब आठ बारच्या थोडा वर, तर ४० अंशांना जवळजवळ चौदा. म्हणजे दीडपटीहून अधिक. ज्या पिस्तुलात गोळी सुटताच वरची स्लाइड मागे आपटते, त्यात वायूचा एक वाटा गोळीला आणि दुसरा स्लाइडला जातो. दाब दीडपट झाला की स्लाइडचा तडाखाही वाढतो आणि हलक्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्लाइडला भेगा जातात. उलट भराभर झाडत राहिलं तर उकळणारा द्रव मॅगझिनमधली उष्णता शोषून घेतो, मॅगझिन हाताला गार लागतं आणि जोर घसरतो. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, विमानाने येत नाही, आणि तालुक्याच्या गावात त्याची बाटली संपली की पुढची कधी हाती पडेल याचा नेम नाही, हेही हिशोबात धरावं लागतं.

एवढा काथ्याकूट कशाला, दोन-चार बारचा फरक पडला म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते शिकणाऱ्याचं. नवख्याला खरं सांगणारा एकच गुरू असतो, कागदावरचं भोक. भोक खाली पडलं तर त्याने समजायचं की मनगट ढिलं पडलं किंवा ट्रिगर झटक्याने ओढला गेला. आता आकडे पाहा. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने गेला तर १० मीटर अंतरात तो सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. दाब घसरून वेग १२० वर आला तर ३४ मिलिमीटर. फरक १२ मिलिमीटरचा. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर रुंदीचं. म्हणजे हात दगडासारखा स्थिर असला तरी नुसत्या वायूच्या लहरीने दीड वर्तुळ गेलं. शिकणारा बिचारा आपलं मनगट दुरुस्त करत बसतो, आणि दुरुस्त केलेलं मनगट दुसऱ्या दिवशी सकाळी गार हवेत चूक ठरतं. खोटं बोलणाऱ्या गुरूपेक्षा गुरू नसलेला बरा.

हा काही घरबसल्या काढलेला तर्क नाही. या खेळाच्या अवजारांचा इतिहास हेच सांगतो. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीचं १९६५ सालचं 'मॉडेल ६५' स्प्रिंगवर चालायचं आणि धक्का हाताला लागू नये म्हणून त्यात खास सरकती रचना होती. त्यानंतर हाताने एकदा दांडी दाबून हवा कोंडणारी पिस्तुलं आली. १९८०च्या दशकात सीओटूची लाट आली. त्याच दशकात, १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये, १० मीटर एअर पिस्तूल पहिल्यांदा खेळलं गेलं. आणि १९९०च्या दशकात सगळे मोठे उत्पादक सीओटू सोडून साध्या कोंडलेल्या हवेकडे वळले. आज स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्डिनी, कुणाचंही स्पर्धेचं पिस्तूल उघडा, नळीखाली सुमारे २०० बार दाबाचा हवेचा सिलिंडर आणि त्याच्या तोंडाशी दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर दिसेल. ज्यांना जगातला कुठलाही वायू परवडतो त्यांनी सीओटू टाकला, त्यामागचं एक मोठं कारण तापमानाबरोबर बदलणारा दाब हेच होतं. त्यांचे सामने तर वातानुकूलित दालनांत होतात. आपण तोच सीओटू पत्र्याच्या शेडखाली वापरायला निघालो आहोत.

मग येडशीच्या नवख्याने थेट कोंडलेल्या हवेचं पिस्तूल घ्यावं का? घेता आलं तर उत्तमच, पण दोन अडचणी उघड आहेत. आयात केलेलं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या खूप वर जातं, आणि रिकामा सिलिंडर भरायचा कुठे हा प्रश्न त्याहून मोठा. त्याला खास हातपंप लागतो किंवा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास थकतो. २०० बार हे त्याच्या स्वप्नातही नसतं. हातपंपाने काम होतं, पण दमट हवा आत गेली की पाणी साठून गंज चढतो. जुनं पिस्तूल घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी: सिलिंडरच्या अंगावर तो केव्हा बनला त्याचा महिना आणि साल कोरलेलं असतं. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. स्वस्तात मिळालेलं पिस्तूल घरी आणल्यावर सिलिंडर बाद निघाला, तर स्वस्ताई तिथेच संपते.

राहतो तो मधला, जुना आणि काहीसा विसरला गेलेला मार्ग: एका झाडणीला एकदा दांडी दाबायची, तेवढीच हवा कोंडायची, तेवढीच वापरायची. इंग्रजी कॅटलॉगांत याला सिंगल-स्ट्रोक न्यूमॅटिक म्हणतात. इथे वायू विकत घ्यावा लागत नाही, साठवावा लागत नाही, पार्सलने मागवावा लागत नाही. दांडी दर वेळी तेवढाच प्रवास करते, म्हणून कोंडलेली हवाही जवळजवळ तेवढीच. डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी वेगात पडणारा फरक सीओटूच्या मानाने नगण्य. रशियातल्या इझेव्हस्क शहरात बनलेलं बायकल 'आयझेडएच-४६' हे पिस्तूल जगभरातल्या क्लबांमध्ये नवख्यांच्या हाती दिलं गेलं ते याच गुणामुळे. दिसायला ते ओबडधोबड, एखाद्या गॅरेजमधल्या हत्यारासारखं. छर्रा मात्र जिथे नेम धरला तिथे जातो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दर वेळी दांडी दाबायची म्हणजे किती संथ काम. मग ऑलिंपिकचा नियम पाहावा. पात्रता फेरीत ६० झाडण्या आणि त्यासाठी ७५ मिनिटं, म्हणजे एका झाडणीला सव्वा मिनिट. दांडी दाबून छर्रा बसवायला पंधरा सेकंद गेले तरी मिनिटभर हातात राहतो. उलट ही सक्तीची विश्रांती नवख्याच्या भल्याची. हात खाली येतो, श्वास ठिकाणावर येतो, आणि आधीचं भोक का पडलं याचा विचार करायला वेळ मिळतो. सोळा गोळ्यांचं मॅगझिन अर्ध्या मिनिटात रिकामं करणारा मुलगा सोळा वेळा तीच चूक करतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. ही दांडी जड असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तिसाव्या झाडणीनंतर ती दाबवत नाही, आणि दाबताना थकलेला हात नेम धरताना थरथरतो. अशा वेळी दांडी मोठ्याने दाबून द्यावी किंवा पिस्तूल क्लबचं वापरावं. लहान मुलासाठी म्हणून सीओटू पिस्तूल आणणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

वायूचा निकाल लागला की उरतात ट्रिगर, नेम आणि मूठ. यांतल्या ट्रिगरकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि दहातले आठ गुण तोच ठरवतो. स्पर्धेच्या नियमानुसार एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. चांगल्या पिस्तुलात तो तेवढ्यावरच सुटतो. दुकानात रिकामं पिस्तूल हातात घेऊन, सुरक्षित दिशेला धरून, बोट अगदी सावकाश मागे न्यावं. आधी एक हलकी ढील येते. मग बोटाला एक भिंत लागते. त्या भिंतीवर थोडासाच दाब वाढवला की कुठलीही खरखर न होता ट्रिगर सुटतो, आणि नेमाची पुढची टिकली जागची हलत नाही. खऱ्या पिस्तुलाची नक्कल करणाऱ्या गॅस पिस्तुलात ही भिंत शोधूनही सापडत नाही. ट्रिगर लांबलचक, दोन-अडीच किलोंचा, अडखळत येणारा, आणि तो सुटेपर्यंत सगळी मूठ आवळली गेलेली असते. ऑलिंपिकच्या पिस्तुलांत काही ट्रिगर इलेक्ट्रॉनिकही असतात. ते रेशमासारखे, पण जवळ कारागीर नसलेल्या गावात त्यांच्या नादी लागू नये. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ऐन वेळी बिघडला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली, अंतिम फेरी हुकली. तिच्याभोवती प्रशिक्षक आणि तंत्रज्ञ होते. पॅरिसमध्ये २०२४ साली तिने दोन कांस्यपदकं घेऊन हिशोब चुकता केला, पण येडशीत सर्किट गेलं तर पिस्तूल पुण्याला पाठवून वाट पाहणं एवढंच हाती उरतं.

नेमाचं गणित तर शाळेतल्या भूमितीचं. पुढची टिकली आणि मागची खाच यांच्यातलं अंतर स्पर्धेच्या पिस्तुलात ३२० मिलिमीटरच्या आसपास असतं. टिकली खाचेत एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर सरकतो, म्हणजे सात गुणांची कड कशीबशी लागते. खऱ्या पिस्तुलाच्या नकलेत हेच अंतर निम्मं, १६० मिलिमीटर. तिथे तीच एक मिलिमीटरची चूक ६२ मिलिमीटरची होते आणि गुण मिळतात तीन. हात तोच, डोळा तोच, चूकही तेवढीच. जो नवशिका सातांवर खूश होऊन पुढच्या आठवड्यात आठांसाठी झटला असता, तो तीन पाहून पिस्तूल माळ्यावर टाकतो. मुठीबद्दल एवढंच सांगतो की ती लाकडी, हाताच्या मापाची आणि तळव्याखालची पट्टी वर-खाली करता येणारी असावी. डावखुऱ्याने उजवी मूठ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

या सगळ्या विवेचनाला छेद देणारं एक उदाहरण आहे, आणि ते दडवून चालणार नाही. जपानच्या तात्सुया साकाईने मुख्यतः एअरसॉफ्ट पिस्तुलावर सराव केला आणि २००४ साली अमेरिकेत खऱ्या पिस्तुलांची 'स्टील चॅलेंज' ही वेगाची स्पर्धा जिंकली. गॅस पिस्तुलांचे चाहते हा दाखला नेहमी देतात आणि तो भक्कम आहे. पण त्या स्पर्धेत जिंकायचं असतं ते वेगावर. पिस्तूल झटक्यात काढायचं, मोठमोठ्या पोलादी थाळ्यांवर एकामागून एक गोळ्या घालायच्या. तिथे हाताची हालचाल हीच विद्या, आणि हालचाल शिकवायला गॅस पिस्तूल खरोखर उत्तम. महाराष्ट्रातल्या मुलांसमोरची वाट वेगळी आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी जी पायरी-पायरीची नेमबाजी इथे आहे, तिच्यात नवख्याची सुरुवात १० मीटरवरच्या कागदी वर्तुळाने होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. हे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडी या खेड्यातला स्वप्निल कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदकापर्यंत गेला. खेड्यातून तिथवर जाता येतं. वाट मात्र प्रबोधिनी, पुण्याचं बालेवाडीचं क्रीडासंकुल, गगन नारंगची 'गन फॉर ग्लोरी' अशा ठिकाणांवरून जाते, आणि तिथे नवख्याला बहुधा संस्थेचंच पिस्तूल हाताळायला मिळतं. म्हणून खरेदीआधी चार दिवस अशा जागी जाऊन दोन-तीन प्रकारची पिस्तुलं हाताळणं, हा दहा व्हिडिओ पाहण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणा मार्ग. पोलीस भरतीच्या तयारीला उपयोग होईल म्हणून पिस्तूल घेणाऱ्यांनी तर तो बेत सोडावा. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत धावणं आणि गोळाफेक आहे, नेमबाजी नाही.

आम्हाला पदक-बिदक नको, गंमत म्हणून हवं, असंही म्हणणारे असतात आणि त्यात काही गैर नाही. गमतीसाठी एअरसॉफ्टच योग्य, फक्त तिथेही दिसण्याचा मोह आवरायला हवा. हुबेहूब दिसणं हीच या वस्तूची जाहिरात आणि हाच तिचा धोका. २०१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात बारा वर्षांचा तामिर राइस बागेत असंच पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याच्या टोकाचा नारिंगी भाग काढलेला होता. पोलिसांनी ते खरं समजून त्याला गोळी घातली. येडशीच्या एसटी स्टँडवर किंवा महामार्गावरच्या ढाब्यावर कमरेला असलं काही लावून फिरणाऱ्या मुलाकडे लोक गंमत म्हणून पाहणार नाहीत. रंगीत टोक असलेलं, पेटीत बंद करून नेलं जाणारं पिस्तूल घ्यावं, आणि ते टोक रंगवू किंवा कापू नये.

कायद्याची बाजूही गमतीवाल्यांनाच जास्त त्रासाची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेचं किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीचं हवाई शस्त्र परवान्याच्या कक्षेत येतं. स्पर्धेचं ४.५ मिलिमीटरचं, सहा ज्यूलचं पिस्तूल या दोन्ही रेषांच्या आत बसतं. एअरसॉफ्टची ऊर्जा तर एकच ज्यूल, पण नळी ६ मिलिमीटरची. दुसरी मोजपट्टी लावली की ती बाहेर पडते. त्यामुळे विक्रेत्याचं 'याला लायसन लागत नाही' हे वाक्य पुरेसं मानू नये. धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम पाहणाऱ्या शाखेत मॉडेलचं नाव, नळीचा व्यास आणि ऊर्जा लिहून विचारावं. शिवाय हवाई पिस्तुलांची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे, म्हणून परदेशी वस्तूचं पक्कं बिल नसेल तर ती कितीही सुबक असली तरी हात लावू नये.

आणि येडशीला आणखी एक बंधन आहे, जे पुण्या-मुंबईच्या नवख्याला नाही. गावाला लागून येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे जंगल लहानच, पण २०२४च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ थेट इथे येऊन कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हापासून वन विभागाची नजर इथे बारीक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाताच येत नाही, आणि त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या इतकी रुंद आहे की प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात बसतं. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही नेता येतं, हा गैरसमज इथे महागात पडतो. रामलिंगाच्या माकडांना किंवा शेतातल्या मोरांना नुसतं हुसकवायला एअर पिस्तूल हवं, असा विचार असेल तर तो इथेच सोडावा. सहा ज्यूलचा छर्रा माकडाला पळवत नाही, जखमी करतो, आणि ते कुठेतरी कपारीत आठवडाभर कुजत राहतं. अभयारण्यातल्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी आपणहून हजारांच्या संख्येने एअरगन सरकारजमा केल्या, त्या पक्षी वाचावेत म्हणून. ज्या रामलिंगात जटायूची समाधी दाखवली जाते, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पिस्तूल वाजवायची जागा मग घरचीच: दहा मीटर लांबीची, मागे भक्कम भिंत, भिंतीपुढे वाळूची पोती किंवा जाड लाकडाची पेटी, बाजूने कुणी अचानक येणार नाही असं दार. कडक भिंतीवर आपटलेली प्लॅस्टिकची गोळी बऱ्याच वेगाने परत येते, शिशाचा छर्राही फुटून उडतो, आणि एक ज्यूल ही ऊर्जा डोळा कायमचा घालवायला पुरते. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. पाचशे छर्र्यांचा डबा आठ पूर्ण सामन्यांना पुरतो, म्हणजे पिस्तुलानंतरचा खर्च काही फार नाही. देखण्या गॅस पिस्तुलाऐवजी ओबडधोबड दांडीचं पिस्तूल घेऊन वायूवरचे जे पैसे वाचतील, त्यातून छर्र्यांच्याही आधी दोन संरक्षक चष्मे घ्या: एक झाडणाऱ्यासाठी आणि एक शेजारी उभं राहून बघणाऱ्यासाठी.